मुंबईचा सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि पगाराचा हिशेब

जगभर गाजलेला कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून अख्ख्या ऑर्केस्ट्राला चालवणारा, झुबिन मेहता मुंबईचा, हे आपल्याकडे कुणीही कौतुकाने सांगतं. पण डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट टाकून तो १९५४ साली व्हिएन्नाला गेला तो पुन्हा मुंबईत राहायला का आला नाही, हे कुणी विचारत नाही. शिकायला गेला हे बरोबरच आहे हो, पण शिकून परत आला असता तर करणार काय होता? ऑर्केस्ट्रा होता की मुंबईत, त्याच्या वडिलांनीच उभा केलेला, पण त्यावर कुणाचं घर चालत नव्हतं. ऑर्केस्ट्रांचे इतिहास कंडक्टरांच्या नावांनी लिहायची पद्धत आहे. मला मात्र मुंबईचा इतिहास वाचताना सारखं पगाराचं पाकीटच दिसत राहिलं, आता बँकेत आयुष्य गेलंय त्याचा परिणाम म्हणा.

सुरुवात करते आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून. आकाशवाणी सुरू व्हायच्या आधीची ती धून, मागे तंबोरा आणि वर व्हायोलिन, आमच्या नौपाड्याच्या घरी तिच्यावर अंघोळीचे नंबर लागायचे. ती केली वॉल्टर कौफमन नावाच्या माणसाने. कार्ल्सबाडमध्ये जन्मलेला ज्यू, बर्लिनमध्ये शिकलेला, हिटलर आल्यावर तिकडे काही खरं नाही हे कळलं आणि हिंदुस्थानचा व्हिसा पटकन मिळत होता म्हणून १९३४ साली मुंबईत येऊन थडकला. राहणार होता थोडे दिवस, राहिला बारा वर्षं! आपलं संगीत पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला ते काहीच कळलं नाही, आणि कळत नाही म्हणून तो त्याच्या मागेच लागला. पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला, दिग्दर्शक भवनानींच्या सिनेमांना संगीत दिलं, आणि बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली, चेंबर म्युझिक म्हणजे मोजक्या वादकांचं संगीत. विलिंग्डन जिमखान्यात तिचे दर गुरुवारी कार्यक्रम व्हायचे, कौफमन पियानोवर आणि व्हायोलिनवर मेहली मेहता, म्हणजे झुबिनचे वडील. आकाशवाणीच्या धूनमधलं व्हायोलिनही मेहलींचंच असं सांगतात.

मेहलींनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला १९३५ मध्ये, वय सत्तावीस. आधी दहा वर्षं ते स्वतः कॉन्सर्टमास्टर होते, म्हणजे व्हायोलिनवाल्यांचे म्होरके, आणि नंतर कंडक्टर. आता सिंफनी, म्हणजे पूर्ण ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली मोठी रचना, वाजवायची तर साठ-सत्तर माणसं लागतात आणि त्यातल्या प्रत्येकाला नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचता आलं पाहिजे. ही माणसं आणायची कुठून? तर हौशी पारशी, नेव्हीच्या बँडमधले फुंकून वाजवणारे, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गोवेकर. पोर्तुगीज गोव्यात चर्चच्या शाळा होत्या, तिथं मेस्त्री, म्हणजे संगीताचे मास्तर, लहान पोरांना चर्चमध्ये गाण्यासाठी सोल्फा, म्हणजे त्यांचं सारेगम, शिकवायचे आणि सोबत व्हायोलिन. पोरगं दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत नोटेशन पेपरसारखं वाचायला लागायचं. गोव्यात त्याला काम नाही, मग मुंबई. ताजमध्ये जॅझ, मूकपटांच्या काळात थेटरात साथ, लग्नं, चर्च, आणि हे सगळं सांभाळून वेळ उरला तर बेथोवन.

कार्यक्रम व्हायचे कावसजी जहांगीर हॉलमध्ये, म्हणजे आत्ताची रीगलसमोरची नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट. त्याच हॉलमध्ये बॉक्सिंगच्या मॅची आणि लग्नाची रिसेप्शनंही व्हायची, यावरून काय ते समजा. १९५२ साली प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन दुष्काळाच्या मदतीसाठी कार्यक्रम करायला भारतात आला होता. त्याच सुमाराला सोळा-सतरा वर्षांचा झुबिन वडिलांच्या ऑर्केस्ट्राच्या रिहर्सली घ्यायला लागला होता.

आणि मग सगळे एकेक करून गेले. कौफमन १९४६ मध्ये निघाला आणि दोनच वर्षांत कॅनडात नव्याने उभ्या राहिलेल्या विनिपेग सिंफनीचा कंडक्टर झाला. मेहली १९५५ च्या सुमारास मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात गेले, तिथून फिलाडेल्फिया, तिथून लॉस एंजेलिस, तिथं तरुण मुलांचा ऑर्केस्ट्रा काढून तेहतीस वर्षं चालवला. मला यातलं मँचेस्टर फार बोलकं वाटतं. स्वतःच्या शहरात ज्या माणसाचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा होता तो परदेशात दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायला जातो, का, तर तिथं ती नोकरी होती आणि इथं तो षोक होता. देशप्रेम वगैरे यात आणू नये, साधा हिशेब आहे.

मग मुंबईतले वाजवणारे कुठे गेले? सिनेमात! माझ्या मैत्रिणीचे सासरे वसईकडचे, स्टुडिओत व्हायोलिन वाजवायचे, त्यांना मी एकदा हेच विचारलं होतं तर म्हणाले, "अगं पोरी, ताडदेवला शिफ्ट केली की संध्याकाळी हातात पैसे, आणि सिंफनीच्या रिहर्सलला गेलो की चहा." त्यांनी हे हसत सांगितलं, पण पुढे असंही म्हणाले की चहावाल्या रिहर्सलला जाताना शर्ट इस्त्रीचा असायचा.

सिनेमात पैसा होता म्हणून कसब तिथं गेलं, आणि आपल्याला न कळता आपण सिंफनी ऐकत बसलो. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमधली ती व्हायोलिनची फौज, तिच्यामागे सेबॅस्टियन डिसोझा हे अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून देणारे. सलील चौधरींनी तर १९६१ च्या 'छाया'मध्ये 'इतना ना मुझसे तू प्यार बढा'ला मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीची सुरुवातच उचलून लावली, आणि आपल्या मावश्या-आत्या ते गुणगुणत भाजी निवडत होत्या.

या सगळ्यात माझा आवडता माणूस म्हणजे अँथनी गोन्साल्विस. हो, तेच. 'अमर अकबर अँथनी'तलं नाव त्यांच्यावरूनच आलं, कारण त्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल, त्यातले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले होते. माजोर्ड्याचा हा माणूस दिवसभर स्टुडिओत वाजवायचा, अरेंज करायचा, आणि डोक्यात एकच वेड, की राग घ्यायचे आणि ते सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी लिहायचे. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, शंभरावर वादक, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आतल्या चौकात कार्यक्रम, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे! राग सारंगावरचा कन्सर्टो (एक वाद्य पुढे आणि मागे ऑर्केस्ट्रा, अशी रचना) वगैरे रचना होत्या त्यांच्या. पण शंभर माणसांना दर महिन्याला कोण पोसणार? टिकलं नाही ते. १९६५ मध्ये ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेला सिराक्यूज युनिव्हर्सिटीत गेले, परत आले ते गोव्यात जाऊन राहिले, सिनेमापासून लांब, आणि २०१२ मध्ये वारले. अमिताभ अंड्यातून बाहेर येतो ते सगळ्यांना पाठ आहे, सारंगाचा कन्सर्टो कुणाच्या कानावर नाही. मला याचा राग येतो, खरंच येतो.

मधली वर्षं भराभर सांगते. १९६२ मध्ये बॉम्बे चेंबर ऑर्केस्ट्रा निघाला, त्यात प्यारेलालही वाजवायचे, हौशी आणि व्यावसायिक मिळून बरीच वर्षं गाडा ओढला. नंतर ऐंशी-नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि प्रोग्रॅमिंग आलं, एका की-बोर्डवर चाळीस व्हायोलिनं, आणि स्टुडिओतला रोजगारही आटला. बापांनी पोरांना व्हायोलिन शिकवणं बंद केलं, त्यांचं काय चुकलं?

म्हणून २००६ साली एनसीपीएने, म्हणजे नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सने, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया काढला तेव्हा वादक मुख्यतः बाहेरून आणावे लागले, त्यातही कझाकस्तानातून जास्त. एनसीपीएचे खुश्रू सन्तूक यांनी कझाक व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्हला लंडनमध्ये ऐकलं आणि त्यालाच गाठलं. यावर बरीच टीका होते, नाव इंडियाचं आणि माणसं कझाकस्तानची, मलाही आधी ते विचित्रच वाटायचं. पण इतिहास बघितला तर पगार देणारा पहिलाच ऑर्केस्ट्रा म्हणजे हा, आणि पगार द्यायला निघालात तेव्हा शहरात वाजवणारेच उरले नव्हते, तर काय करणार? आता थोडे लोक वर्षभर मुंबईत राहतात, बाकीचे सीझनला येतात, साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबर. आणि २०१२ पासून मुलांना शिकवायची अकादमी आहे, माझ्या मते ऑर्केस्ट्रापेक्षा तीच जास्त महत्त्वाची. झाकीर हुसेन यांनी या ऑर्केस्ट्रासाठी तबल्याचा 'पेशकार' नावाचा कन्सर्टो लिहिला, २०१५ मध्ये, २०१९ ला तो घेऊन ही मंडळी इंग्लंडला जाऊन आली. आणि २०२३ मध्ये खुद्द झुबिनने या ऑर्केस्ट्राला कंडक्ट केलं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

मी एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये वरचं स्वस्तातलं तिकीट काढते, कारण वरून सगळ्यांचे हात दिसतात. व्हायोलिनवाले दोघं-दोघं एका स्टँडवर असतात, पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा वाजवायचा थांबतो, पान उलटतो आणि बरोबर बोट ठेवून परत सुरू होतो, बाहेरच्याचं काम अखंड चालू. आणि टिंपनीवाला, म्हणजे मोठे नगारे वाजवणारा, बघा, सगळे जोरात वाजवत असतात तेव्हा हा ढोलावर कान टेकवून हळूच पुढचा सूर लावत असतो, तबलजी मैफलीत दोन ठोके मारून घेतो ना, तसंच. नंतर नरिमन पॉइंटहून सीएसएमटी आणि तिथून ठाणे लोकल, घरी पोहोचायला अकरा वाजतात, आणि आमचे हे विचारतात, "झालं का तुमचं टिंपनी?"

पण एवढ्या लांब जायचं कशाला, हे ठाण्यातच का होऊ नये? ठाण्यात दिवाळी पहाटेला रस्ता अडवून गर्दी होते, राम मराठे महोत्सवाला लोक येतात, गडकरी आणि घाणेकर ही नाट्यगृहं आहेत. सत्तर माणसं नकोत, पंधरा-अठरा जणांचा चेंबर ऑर्केस्ट्रा एका रविवारी सकाळी आणा, तिकीट नाटकाएवढं ठेवा आणि 'छाया'तल्या गाण्याच्या आधी मूळ मोझार्ट वाजवा. लोक एका रचनेच्या दोन भागांच्या मध्येच टाळ्या वाजवतील, तशी रीत नाही, पण वाजवू देत. वादकांना मात्र चहा नका पाजू नुसता, पाकीट द्या. कुणी मनावर घेणार असेल तर तिकिटं खपवायला मी आणि माझा भिशी ग्रुप तयार आहोत.