देव्हाऱ्याची महिरप, नोंद ३: शेवटी स्पिंडल सँडर आला

मंडळी, मागच्या नोंदीत महिरप जिगसॉने कापून झाली होती, तिथून पुढे दीड महिना सगळा स्पिंडल सँडर, म्हणजे पॉलिशपेपर चढवलेला उभा दांडा फिरवणारं मशीन, या एका गोष्टीच्या मागे गेला, म्हणून आज सगळं एकदम लिहितेय.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी, २२ मिलीची सागवानी फळी, पाच पाकळ्यांची महिरप, मधली पाकळी मोठी आणि बाजूच्या लहान होत जाणाऱ्या. जाड लाकडात वळणावर जिगसॉचं ब्लेड खाली वाकतंच, तसं ते वाकलं, त्यामुळे वरून रेघेवर बरोबर आणि खालून दीड मिली आत असा प्रकार झाला. बाहेरची कड मी छोट्या रंध्याने सरळ करू शकते पण आतल्या गोलात रंधा जात नाही. पाईपच्या तुकड्याला ८० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून एक पाकळी हाताने घासली, पाऊण तास लागला, आणि गुण्या लावून बघितलं तर कड मधे फुगलेली. हात पुढे-मागे करताना नकळत डुलतो आणि दोन्ही कडा जास्त खाल्ल्या जातात. अशा अजून चार पाकळ्या, आणि आईला दोन्ही बाजूंनाही छोट्या महिरपी हव्यात.

ड्रिल प्रेस घरात होतंच म्हणून आधी त्यात लावायचे रबरी ड्रम आणले, ज्यावर पॉलिशपेपरची नळी चढते तसले. पहिली दोन मिनिटं वाटलं झालं काम. मग कडेवर आडव्या बारीक रेघा दिसायला लागल्या, एकाखाली एक, आणि एका ठिकाणी लाकूड काळं पडलं. कारण साधं आहे, ड्रम जागच्या जागी फिरतो म्हणजे पेपरवरचा प्रत्येक दाणा लाकडाच्या त्याच रेघेवर परत परत घासतो, आणि फळी २२ मिली असेल तर पेपरचा तेवढाच २२ मिलीचा पट्टा वापरला जातो. सागाला तेल असतं, तो पट्टा पाच मिनिटांत तुपकट होऊन चकाकायला लागला आणि वरचा-खालचा पेपर कोरा करकरीत. हँडलने ड्रम वर-खाली करत घासायचं म्हटलं तर एक हात तिकडे जातो आणि फळी एका हाताने धरणं मला पटत नाही.

ते सुद्धा मी चालवून घेतलं असतं पण तिसऱ्या दिवशी चक, म्हणजे ड्रमचा दांडा धरणारा जबडा, खाली पडला. ड्रिल प्रेसचा चक टेपरवर, म्हणजे निमुळत्या दांड्यावर, नुसता दाबून बसलेला असतो, सरळ खाली भोक पाडताना दाब त्याला उलट घट्टच करतो, पण बाजूने रेटा दिला की हळूहळू ढिला होतो. फिरता ड्रम चकासकट टेबलावर पडला आणि फळीवर आपटून बाजूला गेला. माझी बोटं चार इंचांवर होती. त्या संध्याकाळी ते ड्रम डब्यात गेले. ड्रिल प्रेसवर सँडिंग करणारे बरेच जण आहेत मला माहितीये, त्यांना एवढंच सांगेन की रोज सुरू करायच्या आधी चक घट्ट आहे का बघा, आणि लाकूड जोरात रेटू नका.

तर ऑसिलेटिंग स्पिंडल सँडर. याच्यात दांडा फिरतो आणि फिरता फिरता वर-खाली पण होतो. घरगुती मशीनचे आकडे बहुतेक सारखेच असतात, वेन ६५१० घ्या किंवा ट्रायटनचं ४५० वॅटवालं घ्या, मिनिटाला २००० फेरे, मिनिटाला ५८ वेळा वर-खाली, आणि वर-खालीचा पल्ला १६ मिली. म्हणजे एकदा वर जाऊन खाली येईपर्यंत दांडा साधारण ३४ वेळा फिरतो. ऐकायला ५८ कमी वाटतात पण तेवढ्याने दाणा त्याच रेघेवर बसत नाही, ओरखडे एकमेकांना छेदून जातात, आणि २२ मिलीच्या फळीला ३८ मिली पेपर मिळतो. उष्णताही पसरते.

निवडताना मी आधी वॅट बघत बसले होते आणि तो वेळ वाया गेला. आकड्यात बघायचं तर सगळ्यात लहान दांडा कितीचा ते बघा, कारण १३ मिलीच्या दांड्याला २००० फेऱ्यांवर पेपरचा वेग मिनिटाला जेमतेम ८२ मीटर पडतो आणि ७६ मिलीच्या ड्रमला तोच ४७७ मीटर. लहान दांडा हळू कापतो, तिथे धीर धरायचा, आणि मोठ्या ड्रमवर एका जागी थांबलात तर लाकूड जळतं. मोटर कमी पडते असं मला तरी एकदाही वाटलं नाही.

कॉम्बो घ्यायचा का यावर आठ दिवस विचार केला. अमेरिकेतल्या लोकांचा लाडका रिजिडचा ईबी४४२४ म्हणजे ४ बाय २४ इंचाचा बेल्ट आणि स्पिंडल एकाच मशीनमधे, आणि ट्रायटनचं पण तसं मॉडेल आहे ज्याचं टेबल ४५ अंशांपर्यंत कलतं. ज्यांच्याकडे बेल्ट किंवा डिस्क सँडर नाही त्यांनी खरंच कॉम्बो बघावा, बाहेरच्या कडा आणि टोकं बेल्टवर फार छान निघतात. माझ्याकडे डिस्क आहे आणि रंधा आवडतो, त्यामुळे नुसता स्पिंडलवाला पुरे. तिकडून कुणाकडून तरी मागवायचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, ते मशीन १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं असतं. ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट उतरतात, हर्ट्झ बदलत नाहीत, आणि इंडक्शन मोटर असेल तर आपल्या ५० हर्ट्झवर मिनिटाला १७२५ फेऱ्यांची मोटर १४४० च्या आसपास येते आणि गरमही जास्त होऊ शकते. मशीनवरची पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुण्यात प्रत्यक्ष बघायला मिळेल म्हणून भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या आसपास आणि रविवार पेठेत फिरले. एका दुकानातले काका म्हणाले, "ताई, हे मशीन इथं कुणी ठेवत नाही, पोरं हातानंच घासतात." खरंय त्यांचं, आमच्या सोसायटीत काम करणारे सुतारकाका अर्धगोल कानशीने जी कड काढतात ती मला जमत नाही. नवीन मागवायचं तर भाडं आणि कस्टम धरून किंमत दुप्पट होत होती. शेवटी बेंगळुरूला एक गिटार बनवणारे गृहस्थ मोठं मशीन घेत होते, त्यांनी त्यांचं जुनं २३० व्होल्टचं दिलं.

जुनं घेणाऱ्यांसाठी, व्हिडिओ कॉलवर मी काय काय करून घेतलं ते सांगते. मशीन बंद ठेवून दांडा बाजूने हलवायला लावला, खुळखुळ नाही. चालू करून टेबलावर एक पेन्सिल टेकवून पेपर नसलेल्या ड्रमवर खूण पाडायला सांगितली, वर-खालीचा पट्टा एकसारखा १६ मिली आला, मधे अडखळला नाही (आतला गिअर झिजला की पल्ला कमी होतो किंवा टकटक आवाज येतो). रबराचे ड्रम नखाने दाबून दाखवायला लावले, कारण वरचा नट आवळला की रबर दबून फुगतं आणि पेपरची नळी धरतं, रबर कडक झालं असेल तर नळी घसरते. आणि टेबलाच्या भोकात बसणाऱ्या चकत्या सगळ्या आहेत का ते मोजलं. प्रत्येक ड्रमला त्याच्या मापाची चकती लागते, फट मोठी राहिली तर लहान तुकडा त्यात ओढला जातो.

आल्यावर पहिलं काम, टेबल पुसून मेण चोळलं. कास्ट आयर्न आहे, जूनच्या पहिल्या पावसातच माझ्या दुसऱ्या एका टेबलावर तांबूस डाग आले होते. मग धूळ. मागचं तोंड ३८ मिलीचं आणि माझ्या व्हॅक्यूमचा पाईप थोडा लहान, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवून दोन्हीकडे क्लिप लावली, मस्त बसलं. तरी मास्क लावतेच, लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) १९९५ मधेच पहिल्या गटात टाकलीये आणि सागाच्या भुशाने मला तसंही शिंका येतात.

आता महिरप. मधल्या पाकळीची त्रिज्या ३० मिली, म्हणजे पूर्ण गोल ६० चा, तिथे ५१ चा ड्रम लावला. गोलाच्या मापाचाच ड्रम लावायचा मोह होतो पण मग लाकूड सरकवायला जागाच राहत नाही, ड्रम जिथे टेकतो तिथे खळगा पडतो. थोडा लहान घ्यायचा आणि फळी न थांबता झाडू मारल्यासारखी फिरवत ठेवायची, ड्रम ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट, नाहीतर ड्रम फळी ओढून नेतो. ८० नंबरवर सहा-सात मिनिटांत पाकळी रेघेवर आली. गुण्या लावला, कुठूनच उजेड दिसत नाही. मी तीनदा लावून बघितला.

अवघड जागा म्हणजे दोन पाकळ्या जिथे मिळून टोक होतं ती. ड्रम टोकावरून एकदा जरी गेला तर टोक बोथट होतं आणि महिरपीची सगळी शोभा त्या टोकातच असते. मी टोकाच्या ३ मिली आधी थांबते, फळी सरळ मागे घेते, आणि उरलेलं पटाशीने काढते. डावीकडचं पहिलं टोक हे समजायच्या आधी केलं होतं, ते किंचित गोल झालंय, नीट बघितलं तर दिसतं.

अजून एक, फळीखाली १८ मिलीच्या प्लायचा तुकडा मधे भोक पाडून ठेवला की फळी वर उचलली जाते आणि नळीचा वरचा कोरा भाग वापरता येतो. नंतर नळी उलटी करून चढवायची. एका नळीत जवळपास दुप्पट काम होतं. पेपर तुपकट झाला की जुन्या बुटाचा क्रेप (कच्च्या रबराचा) सोल फिरत्या ड्रमला हलका टेकवायचा, अडकलेला भुसा गोळ्या होऊन निघतो, काळी पडलेली नळी परत तपकिरी दिसायला लागते.

सध्या पाचपैकी चार पाकळ्या ८० वर झाल्यात, दोन १५० वर. पाचवी सगळ्यात लहान, तिला १९ चा ड्रम लागेल आणि त्याची १५० ची नळी माझ्याकडे एकच उरलीये, ११५ मिली लांबीची इथे कुठे मिळाली तर मला सांगा. बाजूच्या छोट्या महिरपींची फळी वर खोलीत ठेवलीये, या हवेत ती अजून थोडी वाकतेय, पाऊस उघडेपर्यंत तिला हात लावणार नाही.