‘ही चाल कोणाकडची?’ : व्होसमध्ये हार्डिंगफेले शिकतानाचा माझा अनुभव

नोकरीनिमित्त मी पश्चिम नॉर्वेतील व्होस या गावी राहायला आले, तेव्हा इथल्या संगीताविषयी मला जवळजवळ काहीच माहीत नव्हते. बर्गनहून रेल्वेने साधारण सव्वा तासाच्या अंतरावर, तळ्याच्या काठी वसलेल्या या गावाची आणि आसपासच्या दऱ्याखोऱ्यांची मिळून वस्ती सुमारे १६ हजार आहे. गावाच्या मध्यभागी १२७७ साली बांधून झालेले दगडी चर्च आहे. एप्रिल १९४० मध्ये जर्मन विमानांनी केलेल्या बाँबवर्षावात भोवतालचे गाव बेचिराख झाले, परंतु हे चर्च टिकून राहिले. त्याच चर्चमध्ये पहिल्या शरद ऋतूत एका सायंकाळी मी हार्डिंगफेले या व्हायोलिनसारख्या नॉर्वेजियन लोकवाद्याचा सूर प्रथम ऐकला आणि पुढचे वर्षभर जे काही घडले, त्याची सुरुवात तिथे झाली.

मी मूळची मिरजेची. सतार आणि तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांच्या दुकानांवरून माझी शाळेची वाट जात असे, त्यामुळे तरफांचा झणकार कानाला इतका परिचित आहे, की तो कुठेही ऐकू आला तरी पाऊल थबकते. चर्चमधील वादकाच्या हातात दिसायला व्हायोलिनच होते. मात्र गज उचलल्यानंतरही सूर हवेत रेंगाळत होता, आणि तो केवळ दगडी भिंतींमुळे रेंगाळत नव्हता. कार्यक्रम संपल्यावर मी धीर करून जवळ गेले आणि वाद्य पाहू देण्याची विनंती केली. वर चार तारा होत्या आणि त्यांच्या खाली, घोडीच्या मधून ओवलेल्या, आणखी पाच बारीक तारा होत्या. वादक म्हणाले, की या खालच्या तारांना कोणी हात लावत नाही, त्या आपणहून वाजतात. ‘तरफा’ हा शब्द माझ्या तोंडून मराठीतच बाहेर पडला. लहानपणी मी व्हायोलिनच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्या होत्या आणि नंतर ते सोडून दिले होते. हे वाद्य आपल्याला शिकायचे आहे, असे मी त्याच रात्री ठरवले.

शिकायचे कुठे, हा पहिला प्रश्न होता. नॉर्वेतील प्रत्येक नगरपालिकेने मुलांसाठी संगीत आणि कला यांची शाळा चालवावी, असा कायदा १९९७ पासून आहे. या शाळा मुलांसाठी असल्यामुळे माझ्यासारख्या चाळिशीतल्या विद्यार्थिनीला तिथे जागेची वाट पाहावी लागणार होती. व्होसमध्येच १९७७ साली स्थापन झालेली, लोकसंगीत शिकवणारी ओले बूल अकादमी आहे. हार्डांगरमधील उल्विक येथे जन्मलेले थोर वादक सिग्बयॉर्न बेर्नहोफ्ट ओसा (१९१०–१९९०) यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. परंतु तिथे संगीताचे पक्के विद्यार्थी येतात. शेवटी एका सहकारी बाईंनी सोपा मार्ग सांगितला : स्पेलेमन्सलागच्या, म्हणजे लोकवादकांच्या मंडळाच्या, साप्ताहिक सरावाला जाऊन बस, कोणी हाकलून देणार नाही. मी गेले. बारा वर्षांच्या मुलीपासून ऐंशीच्या घरातल्या आजोबांपर्यंत सगळे एका गोलात बसले होते. माझी जुजबी ओळख झाली आणि कॉफीचा पेला हातात आला. त्यांच्यातील एका ज्येष्ठ वादकाने मला शिकवण्याचे मान्य केले. नॉर्वेजियन भाषेत लहानथोर सगळ्यांना एकच ‘तू’ आहे, आणि शिक्षकालाही नावानेच हाक मारतात. मला मात्र ते अखेरपर्यंत जमले नाही, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना गुरुजीच म्हणत राहिले आणि इथेही तसेच म्हणते.

वाद्य मिळवताना मी घाई केली आणि ती अंगाशी आली. इंटरनेटवर एका अनोळखी विक्रेत्याची जुनी हार्डिंगफेले स्वस्तात दिसली. मोत्याच्या शिंपल्याचे जडावकाम, अंगावर काळ्या शाईची वेलबुट्टी, टोकाला मुकुट घातलेल्या सिंहाचे मुख, अशी ती छायाचित्रांत फारच देखणी होती. ती घरी आली तेव्हा खुंट्यांच्या पेटीला बारीक चीर पडलेली आढळली. तार चढवली की खुंटी सुटायची. दुरुस्तीचा खर्च वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला. गुरुजींना आधी विचारले असते, तर त्यांनी मंडळाकडचे एखादे वाद्य वर्षभरासाठी दिले असते, हे मला नंतर कळले. जो कोणी हे वाद्य घेऊ पाहत असेल, त्याने प्रथम मंडळात विचारावे. दुसरी काळजी हवेची. हिवाळ्यात घरे तापवली की आतली हवा इतकी कोरडी होते, की लाकूड आकसते आणि सांधे उकलतात. त्यामुळे पेटीत ओलावा राखण्याची सोय आणि खोलीत आर्द्रतामापक या दोन्ही गोष्टी मला घ्याव्या लागल्या.

प्रत्यक्ष शिक्षण सुरू झाले तेव्हा माझी व्हायोलिनची जुनी तालीम काही बाबतींत उपयोगी पडली आणि काही बाबतींत आडवी आली. या वाद्याची घोडी बरीच सपाट असते, त्यामुळे गज बहुतेक वेळ दोन तारांवर एकदम चालतो. एका तारेवर चाल आणि शेजारच्या तारेवर धरलेला सूर. मला एकेका तारेची सवय होती, म्हणून पहिले दोन महिने माझा गज आपोआप एकाच तारेवर जाऊन बसे. तारा मिळवण्याच्या वीसहून अधिक पद्धती आहेत आणि पद्धत बदलली की तरफाही बदलाव्या लागतात. ‘ट्रोलस्टिल्ट’ नावाच्या मिळवणीत सगळे वाद्य असे काही उजळते, की नऊ तारा लावण्यात गेलेला अर्धा तास वाया गेला असे वाटत नाही.

सगळ्यांत मोठा अडथळा तालाचा होता. इथल्या नाचाच्या चालींना ‘स्लोट’ म्हणतात. त्यांत स्प्रिंगार तीन मात्रांची असते, तर गांगार आणि हालिंग यांचे वजन वेगळे. व्होस आणि हार्डांगरच्या स्प्रिंगारमधील तीन मात्रा बऱ्याच समान असतात. पण पूर्वेकडे तेलेमार्कमध्ये पहिली मात्रा लांब, दुसरी मध्यम आणि तिसरी आखूड असते, तर वाल्द्रेसमध्ये पहिलीच आखूड आणि दुसरी लांब. वादक स्वतःच पायाने ठेका धरतो आणि तो ठेका वादनाचाच भाग मानला जातो. तबलजी शेजारी बसलेला असण्याची सवय असलेल्या मला हा ठेका स्वतःच्या टाचेत आणणे फार जड गेले. गज मात्रेवरून पुढे ओढून न्यायचा आणि पाय मात्र जागच्या जागी पडू द्यायचा. गुरुजींनी एकदा वाद्य खाली ठेवायला सांगितले आणि सलग तीन आठवडे मला फक्त नाचायला पाठवले. त्यानंतर पाय आपोआप सुधारला. सुरांच्या बाबतीत मात्र मला घरी आल्यासारखे वाटले. जुन्या चालींतील काही गंधार कोमलही नसतात आणि शुद्धही नसतात, मध्यमही अनेकदा चढा लागतो. पियानोवर वाढलेल्या शिकाऊ मुलांना जे चुकीचे वाटे, ते मला श्रुतींच्या सवयीमुळे पटकन हाताला लागले.

स्वरलिपी हाती देण्यास गुरुजींनी स्पष्ट नकार दिला. चाल दोन-दोन मात्राखंडांच्या छोट्या तुकड्यांतून वाढत जाते. तो तुकडा ते वाजवायचे, मी वाजवायचा, आणि तो बसला की त्यातच बारीक फरक करून पुढचा. प्रत्येक चाल शिकवण्याआधी ती कोणाकडून आली, हे ते सांगत. इथे चालीच्या नावानंतर ‘एत्तर’ असे म्हणून पूर्वीच्या वादकाचे नाव जोडतात. त्याचा अर्थ ‘अमुक यांच्यामागून’. प्रसिद्ध नॉर्वेजियन संगीतकार एडवर्ड ग्रीगने पियानोसाठी केलेल्या १७ स्लोटी क्नुट डाले (१८३४–१९२१) या तेलेमार्कच्या वादकाकडच्या होत्या. आपल्याबरोबर हे सगळे जाऊ नये, या तळमळीने डालेने त्या योहान हाल्वोर्सन या संगीतकाराकडून १९०१ मध्ये लिहवून घेतल्या होत्या, आणि डाले स्वतः ‘म्युलारगुटेन’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या तोर्गेइर औगुन्सन (१८०१–१८७२) याच्याकडे शिकला होता. हे ऐकताना मला आपल्याकडच्या घराण्यांच्या वंशावळी आठवत. फरक एवढाच, की इथे ही नावे शेतकऱ्यांची, गिरणीवाल्यांची आणि लग्नात वाजवणाऱ्यांची होती.

पहिला जाहीर कार्यक्रम डिसेंबरमध्ये, ख्रिसमसपूर्वीच्या ॲडव्हेंटच्या रविवारी होता. त्या दिवसांत इथे उजेड जेमतेम सहा तासही टिकत नाही, आणि जवळजवळ प्रत्येक गानवृंद, बँड व वादकमंडळ कुठल्या ना कुठल्या चर्चमध्ये कार्यक्रम करते. मला मागच्या ओळीत बसून दोनच रचनांत साथ करायची होती. बाहेर गोठवणारी थंडी, आत मेणबत्त्या आणि शेकडो माणसांची ऊब, यांमुळे पेटी उघडताच तारा उतरलेल्या असतात, म्हणून तासभर आधी पोहोचण्याची ताकीद होती. ती पाळल्यामुळेच निभावले. एकोणिसाव्या शतकातील कडव्या धर्मजागृतीच्या काळात याच वाद्याला सैतानाचे वाद्य ठरवून कित्येक फेले जाळल्या गेल्या होत्या. धबधब्यात राहणारा फोस्सेग्रिम नावाचा यक्ष गुरुवारी संध्याकाळी मांसाचा नैवेद्य घेऊन वादन शिकवतो, ही लोकसमजूत त्या भीतीत भर घालणारी होती. आता तेच वाद्य वेदीसमोर वाजत होते. शेवटी ‘डेइली एर यूरेन’ हे स्तोत्र सुरू झाले तेव्हा प्रथेप्रमाणे सगळे चर्च उभे राहिले. मी वाजवणे थांबवून त्या आवाजात उभी राहिले, कारण गुरुजींनी तसेच सांगितले होते : हे सगळ्यांनी गायचे असते.

त्यानंतरचे वर्ष मी ऋतूंच्या हिशेबाने नव्हे, तर कार्यक्रमांच्या हिशेबाने मोजू लागले. ईस्टरच्या आधीच्या पाम रविवारी व्होसमध्ये १९७० च्या दशकापासून चालत आलेला ‘व्होसा जॅझ’ महोत्सव भरतो. मी त्यात स्वयंसेविका म्हणून खुर्च्या मांडल्या आणि त्याच्या बदल्यात दोन कार्यक्रम ऐकले. जॅझच्या मंचावर हार्डिंगफेले ऐकून मला नवल वाटले, गावातील कोणालाही वाटले नाही. अशा सामुदायिक श्रमाला इथे ‘दूगनाड’ म्हणतात. लोकसंगीताचे लहान कार्यक्रम तर बहुतांशी त्यावरच चालतात. कोणी केक भाजून आणतो, कोणी दाराशी तिकिटे फाडतो, कोणी रात्री फरशी पुसतो. १७ मे या राष्ट्रीय दिनी रस्ता शालेय बँडपथकांचा असतो, म्हणून आम्ही फक्त टाळ्या वाजवल्या. मग ईस्टरनंतर येणाऱ्या पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत हार्डांगर फ्योर्डकाठी लोफ्टहूस येथे होणाऱ्या संगीतमहोत्सवाला गुरुजींनी मला आवर्जून पाठवले. फळबागांच्या मधोमध ग्रीगची छोटी लाकडी खोली तिथे आजही जपलेली आहे. त्याच उल्लेन्सवांग परिसरातील ओले योन्सन योस्ताद याने घडवलेली आणि १६५१ हे साल कोरलेली हार्डिंगफेले आज बर्गनच्या संग्रहालयात आहे. ज्ञात फेल्यांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते.

उन्हाळ्यात माझी खरी परीक्षा झाली. ‘काप्लेइक’ म्हणजे लोकवादन आणि लोकनृत्य यांची स्पर्धा. देशपातळीवरची पहिली स्पर्धा १८९६ मध्ये बर्गनला झाली होती. मी भाग घेतला तो अर्थातच एका लहानशा स्थानिक मेळाव्यात. प्रत्येकाने दोन चाली वाजवायच्या होत्या. नावनोंदणीच्या कागदावर चालीच्या नावापुढे ‘कोणाकडची’ असा रकाना होता. मी तिथे गुरुजींचे नाव लिहिले. ते पाहून त्यांनी मान हलवली, आपल्या नावाआधी ज्यांच्याकडून ती चाल त्यांना मिळाली त्या दोन वादकांची नावे लिहिली, आणि मगच कागद माझ्या हाती परत दिला. निवेदिकेने ती तिन्ही नावे वाचली, नंतर माझे. पहिल्या चालीत माझा गज थरथरला. दुसरीत पाय बरोबर पडत गेला आणि तरफा स्पष्ट बोलल्या. मला बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांच्या टिपणात लय चांगली असून गजाचा दाब कमी हवा, असे लिहिले होते आणि ते अगदी खरे होते.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये गुरुजी आजारी पडले, तेव्हा मंडळातील एका दहा वर्षांच्या मुलाला ॲडव्हेंटच्या कार्यक्रमासाठी नवरानवरीच्या मिरवणुकीची एक सोपी चाल शिकवण्याचे काम माझ्याकडे आले. तुकडा मी वाजवायचा, त्याने वाजवायचा, याप्रमाणे चार आठवड्यांत चाल बसली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तो वाद्य पेटीत ठेवता ठेवता थांबला आणि म्हणाला, “ही कोणाकडची, ते मला उद्या सांगावे लागेल. तुझे नाव नीट कसे उच्चारायचे?” आधी गुरुजींची आणि त्यांच्यामागची नावे मी त्याच्याकडून पाठ करून घेतली. मग माझे नाव एकेक अक्षर तोडून दोनदा म्हणून दाखवले.