तुम्ही विचारलंत म्हणून: खिशातला डॉस

शेताच्या बांधावर ट्रायपॉड मांडून मी खिशातून ते काढलं की प्रश्न ठरलेला. शेतकरी विचारतो, "सायेब, ही कंपासपेटी का?" ठेकेदाराचा मुलगा विचारतो, "काका, हे अजून चालतं?" बायकोही गेली वीस वर्षं काहीतरी विचारते, पण तो प्रश्न इथे लिहिण्यासारखा नाही. उन्हात उभ्याउभ्या उत्तर द्यायला जमत नाही, म्हणून आज बसून देतो.

तो संगणक आहे. एचपी २००एलएक्स. १९९४ साली आला, १९९९ साली त्याचं उत्पादन थांबलं. चष्म्याच्या घरापेक्षा थोडा रुंद, वजन साधारण ३१० ग्रॅम, दोन पेन्सिल सेलवर चालतो. आत डॉस ५.० (विंडोजच्या आधीची, संगणक चालवणारी प्रणाली) आणि लोटस १-२-३ (एक्सेलसारखा आकडेमोडीचा प्रोग्राम), दोन्ही चिपमध्येच कायमचे बसवलेले. प्रोसेसर आठ मेगाहर्ट्झच्याही जरा खालचा. माझ्याकडच्यात मेमरी २ एमबी, म्हणजे तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा मावायचा नाही. माझ्या मामेभावाने अमेरिकेत नवा काहीतरी घेतला तेव्हा हा मला दिला. त्याला वाटलं, मी पत्ते नि फोन नंबर ठेवीन.

मी लेव्हल घेणारा, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजणारा माणूस. शेततळी, पाइपलाइन, गावातले छोटे रस्ते असली कामं. मोठ्या कामाला टोटल स्टेशन (अंतर नि कोन मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) भाड्याने आणतो, पण दोन एकरांच्या शेततळ्याला ऑटो लेव्हल (ट्रायपॉडवरची सपाट रेषेत बघणारी दुर्बीण), स्टाफ (आकडे लिहिलेली उंच पट्टी) आणि स्टाफ धरायला एक पोरगा पुरतो. पोरगा स्टाफ सरळ धरतो का, यावर निम्मं काम अवलंबून. उरलेलं निम्मं आकडेमोडीवर.

आता हे जुनं यंत्र मी का वापरतो, त्याचं खरं कारण. "यात इंटरनेट नाही म्हणून लक्ष लागतं" असलं काही मी सांगणार नाही. फोन दुसऱ्या खिशात असतोच, आणि जेवणाच्या सुट्टीत मीही तुमच्याइतकेच रील्स बघतो. कारण ऊन आहे. याच्या पडद्याला मागून उजेड नाही. घरात संध्याकाळी त्यावर काही दिसत नाही, दिवा नेमका वरून पडेल असा तिरका धरावा लागतो. पण सोलापूरकडच्या मे महिन्यात, दुपारी बारा वाजता, सूर्य जितका कडक तितकी अक्षरं ठळक. त्या वेळी फोनवर मला माझाच घामेजलेला चेहरा दिसतो आणि थोड्या वेळाने फोन तापला म्हणून कुरकुरतो.

दुसरं कारण, उजवीकडचे आकडे. अक्षरांच्या कळा चिमुकल्या आहेत, पण आकड्यांचा संच वेगळा आणि बोटाला सापडणारा आहे. डोळा लेव्हलच्या भिंगाला लावलेला असतानाही १.३४५ टाकता येतं. लोटसची स्वतःची कळ आहे. ती दाबली की काल जिथे थांबलो होतो तिथेच शीट उघडतं.

त्या शीटमध्ये बॅकसाइट (यंत्र मांडल्यावरचं पहिलं रीडिंग), फोरसाइट (यंत्र हलवण्याआधीचं शेवटचं), राइज (चढ), फॉल (उतार), आर.एल. (ठरलेल्या पातळीपासूनची उंची) असे रकाने. आधीच्या रीडिंगमधून आताचं वजा केलं. उत्तर धन आलं तर जमीन चढली, ऋण आलं तर उतरली. सूत्रं एकदाच भरली, तीच इतकी वर्षं चालली आहेत. यातला फायदा वेगाचा नाही. काम संपवून आपण निघालो त्या बेंचमार्कवर, म्हणजे उंची धरून ठेवलेल्या पक्क्या खुणेवर, परत येतो, तेव्हा त्याचा आर.एल. जितका धरला होता तितकाच परत यायला हवा. चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. पाच सेंटिमीटर आले तर कुठेतरी घोळ आहे, आणि तो ट्रायपॉड गुंडाळायच्या आधी कळायला हवा. घरी येऊन रात्री कळला तर पुन्हा साठ किलोमीटर. स्टाफवाला पोरगाही पुन्हा शोधायचा, कारण आदल्या दिवसाचा भेटतोच असं नाही.

हा धडा मी उलट्या बाजूनेही शिकलोय. यातली सी ड्राइव्ह म्हणजे मेमरीच; वीज गेली की सगळं गेलं. पेन्सिल सेल बदलताना ती धरून ठेवायला एक नाण्यासारखा छोटा सेल असतो. तो संपल्याची सूचना यंत्र मला रोज देत होतं आणि मी रोज एंटर दाबत होतो. पंढरपूरच्या अलीकडे चहाच्या टपरीवर मी दोन्ही पेन्सिल सेल एकदम काढले. तीन दिवसांच्या लेव्हल्स चहा निवायच्या आत गेल्या. तेव्हापासून प्रत्येक रीडिंग आधी कागदाच्या लेव्हल बुकात, मग यात, आणि संध्याकाळी मेमरी कार्डावर. लॅपटॉपवरचं लिब्रेऑफिस लोटसची ती फाइल अजून बिनतक्रार उघडतं. ठेकेदाराला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ जाते, त्याला यातलं काही ठाऊक नसतं.

देवनागरी मात्र नाही. एके काळी सी-डॅकचं जिस्ट कार्ड टेबलावरच्या संगणकात बसवून डॉसवर मराठी लिहीत असत, पण ते कार्ड याच्याहून मोठं. म्हणून शेऱ्याच्या रकान्यात रोमन लिपीतलं मराठी. एकदा एका बिंदूसमोरचं 'वडाजवळ' मी दोन महिन्यांनी 'वादाजवळ' असं वाचलं. बांधावरचा वड होता. म्हटलं तर दोन्ही बरोबर.

एकदा तो हातातून फरशीवर पडला आणि बिजागरीपाशी तडा गेला. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने तो उलटसुलट करून विचारलं, "चार्जिंगचा पोर्ट कुठंय?" मी सेलचं झाकण उघडून दाखवलं. त्याने ते बंद केलं, पुन्हा उघडलं, आणि फेव्हिक्विक दिलं. पैसे घेतले नाहीत.

"मला मिळेल का असा?" हेही काही जण विचारतात. परदेशातून जुना मागवता येतो. सावलीत काम असेल तर घेऊ नका. घेतलातच तर आधी बिजागरी तपासा, मग तो नाण्यासारखा सेल बदला. पेन्सिल सेल आत असतानाच.