तुम्ही विचारलंत म्हणून: खोट्या लढाईत भीती कसली?

गावात भरतीची तयारी करणारी पोरं भेटली की हा प्रश्न ठरलेला. "काका, युद्धसरावात गोळे खोटे, शत्रूही आपलाच. मग घाबरायचं कशाला?" मी बरीच वर्षं टी-७२ रणगाड्याचा ड्रायव्हर होतो. नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये शिकलो आणि बिकानेरकडच्या महाजन रेंजच्या वाळूत खरा तयार झालो. म्हणून सांगतो.

गोळ्यांचं म्हणाल तर बरोबर आहे. खऱ्या गोळ्यांचं फायरिंग वेगळं होतं, तेव्हा समोर माणूस नसतो. दोन फौजा एकमेकींवर चालून जातात तेव्हा स्फोटाच्या जागी थंडरफ्लॅश, म्हणजे नुसता आवाज आणि उजेड करणारे फटाके, फुटतात, आणि कुठला रणगाडा 'मेला' ते अंपायर सांगतो. पण ४१ टन वजन तर खरंच असतं ना! ड्रायव्हर बसतो पुढे, मधोमध, अर्धा आडवा. झाकण लावलं की जग पेरिस्कोपच्या काचेएवढं उरतं. अगदी नाकासमोरची जमीन तर दिसतच नाही. कमांडर इंटरकॉमवर सांगेल तेच आपले डोळे.

त्यात वाळू. टिब्बा, म्हणजे वाळूची टेकडी, चढायचा तो सरळ; आडवं गेलात तर ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, उतरलाच म्हणून समजा. रुतलं तर मागे बांधलेला लाकडी ओंडका काढून दोन्ही ट्रॅकना आवळायचा आणि त्याच्यावरून गाडी बाहेर काढायची. हे काम अंधारात, गारठलेल्या हातांनी करून बघा. आमचे उस्ताद राजस्थान सीमेवरच्या लोंगेवालाची आठवण द्यायचे. डिसेंबर १९७१ मध्ये तिथे चालून आलेले पाकिस्तानी रणगाडे वाळूत अडकले आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांना आयते सापडले. वाळू कुणाची बाजू घेत नाही, हे त्यांचं वाक्य.

आता माझ्या भीतीची रात्र सांगतो. जानेवारी होता. पहाटे हल्ला करायचा होता म्हणून आमची स्क्वॉड्रन, म्हणजे रणगाड्यांची तुकडी, टिब्ब्यांच्या आडोशाला जाळ्या टाकून थांबली होती. दिवा नाही, विडीसुद्धा नाही. वाळवंटात दिवसा अंग भाजतं, पण जानेवारीतल्या रात्री हाडं गोठतात. नुकतंच बंद केलेलं इंजिन मात्र तास-दोन तास ऊब देतं. नव्या पोराला वाटतं, इथेच टेकावं. रणगाड्याखाली किंवा त्याला लागून झोपायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. मऊ वाळूत एवढं वजन हळूहळू खाली बसतं, आणि ड्रायव्हरला तर काहीच दिसत नाही.

साडेचारला हुकूम आला. मी आत शिरलो, बटणावर बोट ठेवलं. उस्ताद नेहमीप्रमाणे गाडीभोवती फेरी मारायला गेले. टॉर्चवर रुमाल धरलेला, पायाने वाळू चाचपत. फेरी लांबली. कमांडर चिडले, वेळ चालली होती. तेवढ्यात मागून दबक्या आवाजात शिवी ऐकू आली आणि कुणाला तरी फरफटत नेल्याचा आवाज. डाव्या ट्रॅकच्या मागे वाळूत खळगा करून आमच्याच ट्रूपमधला, म्हणजे स्क्वॉड्रनमधल्या आमच्या छोट्या गटातला, एक नवा गनर कांबळं पांघरून झोपला होता. आणि आम्हाला निघताना आधी मागे घ्यायचं होतं.

उस्तादांनी थाप मारली, मी स्टार्ट केलं. हल्ला चांगला झाला म्हणतात. मला आठवते ती धूळ, पुढच्या गाडीने सोडलेला धूर आणि पायदळाला घेऊन मागून येणाऱ्या बीएमपी गाड्यांची घरघर. उतरलेले पायदळाचे जवान त्या धुळीत कुठे असतील, एवढाच विचार डोक्यात होता. टिब्बा ओलांडला आणि दंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या अंपायरने हात वर केला. आम्ही 'मेलो'. झाकण उघडून मी थंड हवा छातीभर घेतली.

संध्याकाळी सामान गोळा करायला त्याच जागी गेलो. तो पोरगाही होता. कांबळं तिथेच राहिलं होतं, ट्रॅकच्या नक्षीत टीचभर खोल दाबलं गेलेलं. त्याने दोन्ही हातांनी ओढून काढलं, झटकलं, घडी घातली. घडी काही केल्या जुळेना. मी दुसरं टोक धरलं. कांबळं त्याच्या पाठीवरच्या पिशवीत, पिट्ठूत, जाईपर्यंत आम्ही दोघंही काही बोललो नाही.