आवाज गेला, डोकेदुखी राहिली

माझं गॅरेज पुण्यात नऱ्ह्यात आहे. मार्चमधल्या एका सकाळी तिथे एक स्विफ्ट आली. 2013 ची, पेट्रोल, आणि गाडी दिसायच्या आधी तिचा आवाज पोचला. पोरगा पंचविशीतला. कंपनीचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारा पाइप) कॅटसकट, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट, काढून त्याजागी स्टीलचा हेडर, मागे सरळ पाइप आणि शेवटी जेवणाच्या डब्याएवढा सायलेन्सर.

"दादा, टॅपेट वाजतायत, मायलेजही पडलंय. दोन ठिकाणी सांगितलं, हेड उघडावं लागेल. पस्तीस हजार."

टॅपेट म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, हेडमध्ये, व्हॉल्व्ह ढकलणारे भाग. थंड गाडी सुरू केली की टिकटिक, गरम झाली की गायब. ॲक्सिलरेटर दाबला की टिकटिक दाट व्हायची, इंजिनावर ओझं आलं की अजून मोठी. टॅपेट ओझ्याला अशी दाद देत नाही. म्हटलं, रात्रभर इथेच राहू दे.

दुसऱ्या दिवशी गार इंजिन चालू करून हेडरच्या फ्लँजभोवती, म्हणजे हेडर इंजिनाला आवळतात त्या चपट्या कडेभोवती, हात फिरवला. तिसऱ्या पोर्टपाशी (इंजिनातून धूर बाहेर पडायचं भोक) तळव्यावर बारीक बारीक फुंकर बसत होती, आणि तिथेच हेडवर काजळीचा पिसासारखा डाग. फ्लँज उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली, तर 0.30 मिलिमीटरची फिलर पाती (फट मोजायची पातळ पाती) खालून आरामात निघाली. हेडर बसवणाऱ्याने खालून आधाराची पट्टी दिलीच नव्हती. सगळ्या पाइपाचं वजन त्या फ्लँजवर, त्यात रोजचं तापणं आणि गार होणं. वाकणार नाही तर काय. फटीतून दर ठोक्याला गॅस सुटतो, ती टिकटिक. धातू तापून फुगला की फट मिटते, म्हणून आवाज जातो.

मायलेज का पडलं, तेही कळलं. दोन ठोक्यांच्या मधे त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, बिचारा ओतत राहतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा, अधिक 18 टक्के दाखवत होता.

शेजारच्या वर्कशॉपमधून फ्लँज ग्राइंड करून आणली. नाना पेठेतून स्टीलचं गॅस्केट आणि दोन स्टड आणले, नट मधून बाहेर असे आवळले, आधाराची पट्टी वेल्ड केली. ट्रिम तीनवर आला, टिकटिक बंद. पोरगा खूश. मीही, खोटं कशाला बोला, जरा फुगलोच होतो.

पुढच्या सोमवारी गाडी परत आली. या वेळी मागच्या सीटवरून त्याची आई उतरली.

"तुम्ही गाडी छान केलीत हो. माझं डोकं तेवढं राहिलं."

रविवारी सगळे खडकवासल्याला गेले होते. येताना सिंहगड रस्त्यावर दीड तास गाडी मुंगीच्या पावलाने. काकूंचं डोकं ठणकायला लागलं, मळमळलं. घरी गेल्यावर तासाभरात आपोआप उतरलं. गेले दोन महिने असंच चाललेलं. मुलगा म्हणायचा, आईला गाडी लागते.

"काकू, पुढे बसल्यावर होतं का?"

"कमी होतं. पण पुढे ही बसते ना."

ही म्हणजे सून. ते जाऊ द्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला. आवाज पुढून येत होता म्हणून मी पुढचंच बघितलं होतं. मागचा पाइप बघितलासुद्धा नव्हता. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. त्यातून या गाडीला कॅट नाही.

चाकणला बॉयलरवर काम करणाऱ्या मित्राकडून हा वायू मोजायचा मीटर आणला. मागच्या सीटवर ठेवून, एसी आतल्याच हवेवर लावून गाडी दहा मिनिटं उभी चालू ठेवली. आकडा 70 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) पुढे गेला. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची कायदेशीर मर्यादा 50 आहे. गाडी बंद केली आणि चारही दारं उघडली.

मग रॅम्पवर घेतली. व्हॅक्युम क्लीनरची नळी उलटी लावून सायलेन्सरमधून हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. मागच्या ॲक्सलपाशी एक पाइप दुसऱ्यात नुसता खुपसून वर क्लॅम्प मारला होता, भेगेत लांबी (पुट्टी) भरलेली. तिथे फेस असा उसळला की धुण्याच्या बादलीची आठवण यावी. शेपटाचा पाइपही बंपरच्या चार बोटं आतच संपत होता.

पण गाडीखालचा धूर आत येतो कुठून? संध्याकाळी पोऱ्याला गाडीखाली बॅटरी घेऊन झोपवलं आणि मी डिकीत कार्पेट उचलून वाकलो. स्टेपनीच्या खड्ड्यात अंगठ्याएवढा गोल उजेड. ॲम्प्लिफायरची वायर काढायला कोणीतरी भोक पाडलं होतं आणि रबर न लावताच तसंच सोडलं होतं. गाडी चालली की मागे हवेचा दाब कमी होतो, धूर तिथेच घोटाळतो आणि असल्या भोकातून आत शिरतो.

सांधा आर्गन वेल्डिंगने पक्का केला, पाइप बंपरबाहेर काढला, भोक बुजवून वर सीलंट मारलं. मग कॅटचा विषय काढला. बीएस-4 पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलिंगला (गाडी नुसती उभी चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड 0.3 टक्क्यांच्या आत लागतो, तो कॅटशिवाय कुठून बसणार? पोरगा म्हणाला, "दादा, पिकअप जाईल."

काकू म्हणाल्या, "बसवा. हा आला की सोसायटीतली कुत्रीसुद्धा भुंकतात."

पुढच्या रविवारी त्यांनी मला सोबत घेतलं. खडकवासला, आणि येताना तोच जाम. काकू मागे, शेजारी मी, मीटर त्यांच्या मांडीवर. वडगावपर्यंत आकडा शून्यावरून हलेना. काकूंनी मीटर दोनदा हलवून बघितला.

"बंद पडलंय का हो हे?"

शेजारी एक जुनी स्कूटर निळा धूर सोडत उभी होती. मी काच खाली करून मीटर बाहेर धरला, आणि तो कर्कश ओरडायला लागला. काकूंनी घाईघाईने काच वर केली आणि पिशवीतून चकल्यांचा डबा काढला.