तुम्ही विचारलंत म्हणून: नऊच का, दहा का नाही?

मधल्या सुट्टीत नववीतला एक मुलगा स्टाफरूमच्या दाराशी घुटमळत होता. वही द्यायची राहिली असेल असं मला वाटलं. तर म्हणाला, "बाई, तुम्ही फ्रीरेनला नऊच दिलेत. दहा का नाही?" शेजारच्या बाईंनी डब्यातून मान वर केली. त्यांना वाटलं, घटक चाचणीत कुठल्या फ्रीरेनवर अन्याय झालाय.

माझी अ‍ॅनिमेची यादी मायअ‍ॅनिमेलिस्टवर सगळ्यांना दिसते. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका, फ्रीरेन त्यातलीच एक, आणि मायअ‍ॅनिमेलिस्ट ही पाहिलेल्या मालिकांना मार्क द्यायची साइट. मुलांनी माझी यादी हुडकून काढली आहे. तेव्हापासून मुलं विचारतात, भाचा विचारतो, भाच्याचे मित्र विचारतात. हे आकडे ठरवता कसे? मी गणित शिकवते, तेव्हा माझ्याकडे काहीतरी सूत्र असणार असा सगळ्यांचा समज. सूत्र करून पाहिलं होतं. फसलं. तेही सांगते, पण आधी जगाचे आकडे बघू.

ही साइट २००४ पासून आहे. दहापैकी मार्क द्यायचे आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ लिहिलेला. पाच म्हणजे साधारण, सहा म्हणजे ठीक, सात म्हणजे चांगलं, दहा म्हणजे अजोड कलाकृती. कागदावर सगळं स्वच्छ. प्रत्यक्षात पाच ही शिवी आहे. बहुतेक मालिका साडेसहा ते आठच्या पट्ट्यात दाटीवाटीने उभ्या, संध्याकाळच्या लोकलसारख्या, आणि खालचे डबे रिकामे.

एक कारण सरळ आहे. ज्याला मालिका आवडत नाही तो दुसऱ्या-तिसऱ्या भागाला उठून जातो. मालिकेचा निदान पाचवा हिस्सा पाहिल्याशिवाय साइट तुमचे मार्क धरतच नाही, त्यामुळे उठून गेलेल्यांचा राग हिशेबात यायचा राहतो. पुढच्या सीझनचे आकडे तर बघायलाच नकोत. गिनतामाचे सीझन वर्षानुवर्षं यादीच्या शेंड्याला बसलेले असतात. चांगली मालिका आहे, वाद नाही. पण पहिलाच सीझन २०१ भागांचा. तो पार करून जो दुसऱ्या सीझनला मार्क द्यायला आला, तो घरचाच माणूस. दहावीला गळलेले सोडून अकरावीची सरासरी काढायची आणि शाळेची पाठ थोपटायची, तसं हे.

दुसरं कारण माझ्या मते शाळेत आहे. सुरुवातीला मी एका मालिकेला सहा दिले आणि वर दोन ओळी कौतुकाच्या लिहिल्या. अमेरिकेतल्या एका ओळखीच्या पोराने विचारलं, इतकी आवडली तर एवढा राग कशाला? त्यांच्याकडे बहुतेक शाळांत साठच्या खाली गेलं की नापास आणि सत्तर म्हणजे जेमतेम. आपल्याकडे पस्तीसला सुटका आणि साठला प्रथम श्रेणी, आजोबांच्या काळात तर साठाला पेढे. मी त्या मालिकेला प्रथम श्रेणी दिली होती, त्याने ती काठावर पास असल्याचं वाचलं. आकडा तोच, शाळा वेगळ्या. आता मीही सातपासून मोजते. चार लोक वाचणार तर त्यांच्या भाषेत बोललेलं बरं. पण मनातून तो सहा मला अजून बरोबर वाटतो.

साइट नुसती सरासरी काढत नाही, हे मला आवडतं. एखाद्या मालिकेला मूठभर लोकांनीच मार्क दिले असतील, तर तिचा आकडा सगळ्या मालिकांच्या सरासरीकडे ओढला जातो. मतं वाढत गेली की दोर सैल होतो. म्हणजे चार मित्रांनी मिळून दहा-दहा दिले तरी मालिका पहिली येत नाही. तरी लोक खटपट करतातच. फुलमेटल अल्केमिस्ट: ब्रदरहूड, २००९-१० ची, ६४ भागांची, कित्येक वर्षं पहिल्या नंबरवर ठाण मांडून होती. कुठलीही नवी मालिका जवळ आली की दोन्हीकडचे चाहते आपल्याला दहा आणि समोरच्याला एक द्यायला धावायचे. साइटवाले खोटी खाती आणि संशयास्पद मतं काढून टाकतात, हे पुन्हा येतात. शेवटी २०२३ मध्ये फ्रीरेनने तिला मागे टाकलं. आमच्या वर्गात त्या दिवशी मॅच जिंकल्यासारखं वातावरण होतं. मी लसावि शिकवत होते.

आता माझं सूत्र. जपानमध्ये आनिकोरे नावाची साइट आहे, तिथे पाच कप्प्यांत मार्क देतात: कथा, चित्रं, आवाज, संगीत, पात्रं. भाच्याने त्यावरून एक्सेल करून दिलं. "मावशी, तू फक्त भर, बेरीज ते करेल." मला वाटलं, हे तर आपलंच. बोर्डाच्या नमुना उत्तरात पायरीपायरीला मार्क असतात, सूत्र लिहिलं अर्धा, किंमत घातली अर्धा, उत्तर चुकलं तरी पोरगं शून्यावर जात नाही. तीन महिने भरलं.

मग आली पिंगपाँग द अ‍ॅनिमेशन. २०१४ ची, अकरा भाग, दिग्दर्शक मासाआकी युआसा. चित्रं पाहिली तर वाटावं, धावत्या एसटीत बसून काढलीत. रेषा थरथरते, चेहरे वाकडे, नाकं सुजलेली. चित्रांना मी सहा दिले. त्यात वेंगे नावाचा एक चिनी खेळाडू आहे, मायदेशातल्या संघातून वगळलेला, जपानच्या एका शाळेत खेळायला आलेला. पहिल्या भागात इतका तोऱ्यात की थोबाडीत द्यावीशी वाटते. आणि मग नाताळच्या रात्रीचा प्रसंग येतो. हाच माणूस त्या शाळेतल्या पोरांबरोबर कॅराओकेला माइक धरून गातोय, आणि गाणं चालू असताना बाकीची पात्रं आपापल्या जागी, आपापल्या एकटेपणात दिसत राहतात. त्याच वाकड्या रेषेत काढलेला तो चेहरा. सुबक चित्रात तो प्रसंग मेला असता. मी उठून चहा ठेवला आणि तो उतू गेला.

एक्सेलने पिंगपाँगला ७.४ दिले. त्याच महिन्यात पाहिलेल्या एका देखण्या मालिकेला ८.२. त्या देखण्या मालिकेतल्या नायिकेचं नाव आज मला आठवत नाही. एक्सेल बंद केलं. भाच्याला सांगितलं फाइल उडाली.

तेव्हापासून मी रांग लावते. नवीन मालिका संपली की विचारते, हिला आठ द्यायचे तर आठच्या बाकावर आधीपासून कोण बसलंय? तिथे बाराकामोन आहे, गोतो बेटांवर जाऊन पडलेल्या चिडक्या सुलेखनकाराची गोष्ट. नवीन पाहुणीला त्याच्या शेजारी बसवून बघायचं. पावसाळी रविवारी दोन्हीपैकी एकच पुन्हा बघायची असेल तर कुठली लावेन? बाराकामोन म्हटलं की पाहुणी सातच्या बाकावर. निबंध तपासताना आम्ही हेच करतो, कुणी कबूल करत नाही इतकंच. आणि गठ्ठ्यातले पहिले पाच पेपर नेहमी कडक तपासले जातात, म्हणून शेवटी त्यांच्याकडे परत जावं लागतं. तशी मी दर मे महिन्याच्या सुट्टीत जुन्या मार्कांवरून एकदा हात फिरवते. दोन-चार चढतात, बरेच उतरतात.

संपल्या रात्री मार्क द्यायचे नाहीत, हा दुसरा नेम. शेवटचं गाणं वाजत असतं, डोळे ओले असतात, बोट दहावर जातं. तीन आठवडे थांबते. हा नेम वंडर एग प्रायॉरिटीने शिकवला. २०२१ च्या जानेवारी ते मार्च, आठवड्याला एक भाग, मी बुधवारची वाट बघत जगत होते. सहाव्या भागालाच नऊ देऊन बसले. बारा भागांत गोष्ट संपली नाही. जूनमध्ये एक विशेष भाग येणार म्हणून कळलं, तो आला, आणि निम्म्या प्रश्नांची उत्तरं न देताच गेला. आज तिथे सहा आहेत. पण ते बुधवार? त्यांचे नऊ खरे होते. ते लिहायला यादीत रकाना नाही.

कसं पाहिलं यावर किती अवलंबून असतं याचा नमुना म्हणजे हारुही सुझुमिया. २००९ मध्ये या मालिकेच्या निर्मात्यांनी आठ आठवडे जवळजवळ तोच भाग दाखवला. ऑगस्टचा तोच पंधरवडा, तेच पोहणं, तेच किडे पकडणं, कारण पात्रं काळाच्या फेऱ्यात अडकलीत. गंमत अशी की प्रत्येक भाग नव्याने काढलेला, नव्याने आवाज दिलेला, कपडे वेगळे. ज्यांनी दर आठवड्याला वाट पाहिली त्यांनी संतापून मार्क दिले. मी कितीतरी वर्षांनी दोन रात्रींत पाहिलं, हातात बटाटे सोलायचं काम होतं, आणि मला ते धाडस आवडलं. माझे सात आणि त्यांचे दोन एकाच सरासरीत गेले. त्यांचे दोन मला पटतात.

दहा माझ्या यादीत तीनच आहेत. त्यातली एक शोवा गेनरोकू राकुगो शिंजू. राकुगो म्हणजे एक माणूस गादीवर गुडघे मोडून बसतो, हातात पंखा आणि रुमाल, आणि सगळी पात्रं एकटा उभी करतो. पहिल्याच भागात तुरुंगातून सुटून आलेला नवशिका एक चोराची गोष्ट कितीतरी मिनिटं सलग सांगतो, आणि मालिका तिथून हलायचं नाव घेत नाही. एकपात्री प्रयोग बघत वाढलेल्या माणसाला त्यात परकं काही वाटत नाही. तिला मार्क द्यायचे राहूनच गेले होते. महिनाभराने लक्षात आलं. मार्क द्यायचं सुचलंच नाही, हेच माझं दहाचं लक्षण.

मोगलीपुढे मात्र रेघ आहे. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचा तो. १९८९ ची जपानी मालिका, ५२ भाग. ती जपानी आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. तिला मार्क द्यायला मी कोण?

आणि फ्रीरेन. पहिल्या भागात दानवराजाला मारून परतलेली चौकडी पांगते, पन्नास वर्षांनी भेटते, म्हातारा झालेला नायक मरतो, आणि हजार वर्षांहून जास्त जगलेली फ्रीरेन ही एल्फ त्याच्या दफनाला उभी राहून रडते, की या माणसाला जाणून घ्यायचा मी प्रयत्नच का केला नाही. पहिल्या सीझनच्या अठ्ठावीस भागांपैकी पहिले सतरा मी दहाच्या बाकावर बसवले होते. त्यानंतर फ्रीरेनला जादूगारांची परीक्षा द्यायची असते. पहिली फेरी, दुसरी फेरी, मुलाखत, पात्रतेचे निकष, पर्यवेक्षक. शेवटचे दहाएक भाग परीक्षाच. मी वर्षभर परीक्षा घेते, पेपर काढते, सुपरव्हिजनला उभी राहते, मग तपासते. रात्री साडेदहाला पाय वर करून बसल्यावर मला आणखी एक परीक्षा नको होती.

हे सगळं त्या मुलाला मी स्टाफरूमच्या दारात दोन वाक्यांत सांगितलं. त्याने विचार केला.

"म्हणजे बाई, परीक्षा घेतली म्हणून तुम्ही एक मार्क कापलात?"

"हो."

"मग आम्हीपण सोमवारच्या चाचणीसाठी..."

तेवढ्यात घंटा झाली.