प्लग ओढून एडिटर निवडला (वेचणीचा हिशोब, भाग ४)

राजेहो, मागे म्हटलं होतं की कापूस वेचणीच्या हिशोबाचं पेज दिवाळीपर्यंत उभं करतो. झालंय अर्धंमुर्धं, पण मधला गंज वेळ कोड कशात लिहायचा, म्हणजे एडिटर कोणता घ्यायचा, हे ठरवण्यातच गेला.

आपला लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, बॅटरी केव्हाचीच मेलेली, म्हणजे लाइन गेली की डब्बा जागीच बंद. एका रात्री दोन तास बसून मजुरीचा टेबल बनवला, सेव्ह करायची सवय नाही, लाइन गेली अन् सगळं पाण्यात. चूक माझीच. पण तेव्हापासून थीम, फॉन्ट, दिसायला कसा, हे सगळं बाजूला ठेवलं अन् एकच प्रश्न धरला, लाइन गेल्यावर उरतं किती.

मग मुद्दाम प्लग ओढून पाहिला. (तुम्ही नका करू, हार्डडिस्कची वाट लागते.) पहिला पाहिला विम, टर्मिनलात चालणारा जुना एडिटर. तो २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप फाइलीत (बाजूची तात्पुरती फाइल) लिहून ठेवतो, परत चालू केल्यावर रिकव्हर म्हटलं तर जवळपास सगळं आलं. १९९१ चं सॉफ्टवेअर बापा, मानलं! पण त्याचं अन् माझं जमलं नाही ते दुसऱ्याच कारणानं. त्यात कर्सर हलवायला एच-जे-के-एल दाबायचं असते. कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला की त्यांच्या जागी प-र-क-त जातं, अन् नॉर्मल मोडला (विमचा हुकूम ऐकायचा मोड) ते काही समजत नाही. मजुरांची नावं, गावाचं नाव सगळं मराठीत, दर दोन मिनिटांनी कीबोर्ड बदलून डोकं बधीर झालं. वरून माझ्या टर्मिनलात जोडाक्षरं तुटलेली दिसतात.

सब्लाइम हा दुसरा एडिटर हलका आहे, तोही न सेव्ह केलेलं लक्षात ठेवतो, पण ते मी जास्त वापरलं नाही. शेवटी व्हीएस कोडवरच आलो. त्यात ऑटोसेव्ह आधी बंद असतं, ते 'आफ्टर डिले'वर केलं की १००० मिलिसेकंदात फाइल डिस्कवर. पुन्हा प्लग ओढला, शेवटची अर्धी ओळ गेली, बाकी जशीच्या तशी.

आता म्हणाल ४ जीबीवर ते कसं चालते. पहिले रडतच होतं, कारण मीच व्हिडिओ पाहून पाहून २३ एक्सटेंशन (एडिटरला वरून जोडायच्या सोयी) भरले होते. कमांड पॅलेट (एडिटरच्या कमांडची यादी) उघडून 'शो रनिंग एक्सटेंशन्स' पाहा, कोण किती मिलिसेकंद खातंय ते सरळ लिहून येतं. पाच ठेवले, बाकी काढले. एखादं एकाच प्रोजेक्टला लागत असेल तर तेवढ्याच वर्कस्पेसपुरतं (त्या प्रोजेक्टच्या फोल्डरपुरतं) चालू ठेवता येतं, हे मला आत्ता कळलं.

एमेटसाठी (छोटी खूण लिहिली की पूर्ण एचटीएमएल बनवून देते ते) मात्र काहीच टाकावं लागत नाही, आतच आहे. टीआर*१२>टीडी*४ (इंग्रजी अक्षरात हो) लिहून टॅब दाबलं की बारा ओळींचा टेबल हजर. पहिले मी हे कॉपी-पेस्ट करत होतो, हसू नका.

कंट्रोल-डीनं (दर वेळी दाबलं की तेच अक्षर पुढं जिथं आहे तेही सिलेक्ट होते) एकदा फसवलं. 'रेट' नावाचं व्हेरिएबल 'भाव' करायचं होतं, शब्द सिलेक्ट करून धडाधड दाबत गेलो, तर 'जनरेटबिल'चं 'जनभावबिल' झालं, कारण सिलेक्ट केलेले अक्षर तो कुठंही शोधतो, दुसऱ्या शब्दाच्या पोटातसुद्धा. नुसता कर्सर शब्दावर ठेवून दाबलं तर पूर्ण शब्दच पकडतो. अन् व्हेरिएबलचं नाव बदलायचं तर सरळ एफ-२.

पेज पाहायला लाइव्ह सर्व्हर नावाचं एक्सटेंशन. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडायचा अन् फोनच्या ब्राउझरात लॅपटॉपचा आयपी टाकून पुढं ५५०० पोर्ट, इकडं सेव्ह झालं की तिकडं बदललं. पेज शेवटी धुऱ्यावर बसून फोनवरच वापरायचं आहे, त्यामुळे मोठ्या स्क्रीनवर कसं दिसते याला काही अर्थ नाही.

काल काकूले दिलं वापरायला. तिनं वजन टाकलं २५ किलो, मजुरीच्या जागी आलं 'नॅन', म्हणजे 'हा आकडाच नाही'. मी टाकलं तर बरोबर येते, तिनं टाकलं की नॅन. एडिटरातच ओळीच्या डाव्या बाजूला क्लिक करून ब्रेकपॉइंट (कोड तिथंच थांबावा अशी खूण) लावला, क्रोम डीबगरनं थांबवून पाहिलं, तर काकूचा कीबोर्ड मराठी, तिचे अंक देवनागरी, अन् जावास्क्रिप्टला ते आकडे वाटतच नाहीत. देवनागरी शून्याचा युनिकोड नंबर २४०६ आहे, म्हणजे प्रत्येक अंकाच्या नंबरातून तेवढे वजा केले की साधा अंक मिळतो. ते फंक्शन लिहायला घेतलं, पहिली ओळ झाली अन् लाइन गेली. ओळ वाचली आहे, बाकीचं रात्री थ्री-फेज आली की.